टेरेसची चावी सामंतांकडे

आमच्या सोसायटीचे किस्से सांगायला मी बसले की घरच्यांनी चहाचं आधण दोनदा ठेवायचं असतं. हे किस्से कुणी जमवत नाही, ते माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे आपोआप साठतात. आणि माझ्याकडे तर पुरावे आहेत! गेल्या चार वर्षांत सोसायटीत लागलेली प्रत्येक नोटीस माझ्या अक्षरात आहे. मी शाळेत मराठी शिकवते, अक्षर बरं आहे, आणि 'नाही' म्हणायला मला उशीर लागतो. एवढ्या भांडवलावर माणूस सोसायटीचा लेखनिक होतो.

सोसायटी काल्हेरला. नाव हरितगंध. हरित म्हणाल तर समोरच्या गोडाऊनवरची हिरवी जाळी आणि गंध म्हणाल तर कंटेनरच्या डिझेलचा. सात मजले, चाळीस फ्लॅट, एक लिफ्ट आणि एक सेक्रेटरी.

सेक्रेटरी म्हणजे सामंतसाहेब. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी रोज सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून सोसायटीच्या ऑफिसात बसतात आणि पाचला उठतात. मध्ये जेवणाची सुट्टी. माणूस एका पैचा खोटा नाही, टाकीची गळती त्यांनीच पाठपुरावा करून बंद करवली. पण नियम म्हटला की त्यांना चेव येतो.

आणि सातव्या मजल्यावर बाय. नाव जनाबाई, पण सगळे बायच म्हणतात. सत्तरीच्या पुढची आगरी बाई, नऊवारीचा कासोटा, कपाळावर गोंदण. हरितगंध उभी आहे ती जमीन बायची. भातशेती होती, शेताच्या कडेला खळं होतं. बिल्डरला जमीन दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले. बायला एकच गोष्ट हवी होती : नात प्राचीची हळद आपल्या जागेत लागावी. लग्न कुठल्याही हॉलात होऊ दे, पण हळद स्वतःच्या दारात, हा त्यांच्या घरचा रिवाज. दारात आता लिफ्ट होती. उरली फक्त टेरेस, आणि टेरेसची चावी सामंतांकडे.

आता ऐका.

* * *

माझी पहिलीच नोटीस. सामंतांनी सांगितलं, मी लिहिलं : "सेक्रेटरींच्या लेखी परवानगीशिवाय नोटीस बोर्डावर कोणतीही नोटीस लावू नये."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी ती काढली आणि ऑफिसात नेऊन दिली.

"हे काय मॅडम?"

"परवानगीचा कागद कुठंय? मला तर दिसला नाही."

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत! गंभीर झाले, खुर्चीत नीट बसले, एक कोरा कागद घेतला आणि स्वतःलाच अर्ज लिहिला. मग चष्मा काढून पुसला, अर्ज पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचला आणि त्यावर शेरा मारला : "मंजूर. मात्र ही बाब पुढे उदाहरण म्हणून वापरता येणार नाही."

त्या दिवशी मला कळलं की हा सामना लांब चालणार.

* * *

चेअरमन आमचे अन्सारीभाई. भिवंडीत त्यांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून बोललेला माणूस, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी पार्किंगमध्ये ऐकू येतं. मनाने लोण्यासारखे. समोर कागद आला की सही करतात, वाचत नाहीत.

सामंतांनी नियम काढला : "जिन्यात, लिफ्टमध्ये व आवारात संभाषण हळू आवाजात करावे." अन्सारीभाईंची सही झाली. नोटीस लागली.

संध्याकाळी अन्सारीभाई लूमवरून आले. बोर्डावर नवीन कागद दिसला म्हणून थांबले आणि वाचायला लागले. त्यांना मराठी वाचायचं तर मोठ्यानेच वाचावं लागतं. "सं-भा-षण! ह-ळू! आ-वा-जात!"

पाचव्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या. रात्रीपर्यंत ऑफिसच्या पेटीत तीन तक्रारी आल्या. तिन्हींत आरोपी एकच : "नोटीस वाचणारा इसम."

सामंतांनी नोटीस उतरवली. घडी करून खिशात घातली. अन्सारीभाई मला म्हणाले, "मॅडम, अच्छी नोटीस थी, क्यूँ निकाली?" हे त्यांनी माझ्या कानाशी येऊन, हळूच विचारलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचं बाळ जागं झालं.

* * *

बाय टेरेसवर सुकट आणि बोंबील सुकवायची. तिचं खळं होतं तेव्हाही सुकवायची, आता सात मजले वर येऊन सुकवत होती. तिच्या दृष्टीने यात बदल काहीच नव्हता.

सामंतांच्या नाकाला मात्र होता. नोटीस : "टेरेसवर मासळी सुकवण्यास सक्त मनाई आहे." आणि टेरेसला कुलूप.

बाय भांडली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कमिटीच्या प्रत्येक घरी एकेक डबा पाठवला. आत सुकटीची चटणी, सोबत तांदळाच्या गरम भाकऱ्या. सामंतांच्या घरचा डबा सामंतवहिनींनी घेतला. वहिनी मालवणच्या. काल्हेरला आल्यापासून त्यांच्या घरात सुकट शिजली नव्हती, कारण साहेबांना वास चालत नाही. साहेब ऑफिसातून जेवायला येईपर्यंत डब्यात काही उरलं नव्हतं. उरलेला वास त्यांना आला, आणि असं ऐकते की त्यांनी डब्याच्या कडेला बोट लावून पाहिलं.

नोटीस खाली आली नाही. सामंतांची नोटीस खाली येत नसते. पण दुसऱ्या दिवशी मला बोलावून तिच्याखाली एक ओळ वाढवायला सांगितली : "अपवाद : सकाळी ११ ते दुपारी ४."

तेव्हापासून रोज अकराला वहिनी घरातून चावी घेऊन टेरेस उघडायला जायच्या आणि चारला बंद करायला. मधले पाच तास त्या खाली यायच्या नाहीत. साहेबांनी विचारलं तर म्हणायच्या, "नियम पाळला जातोय का बघायला नको?"

मी एकदा वर गेले होते. बोंबलांच्या रांगेशेजारी दोघी सावलीत बसल्या होत्या. बाय लग्नात गायच्या धवल्याच्या ओळी सांगत होती आणि वहिनी मागून म्हणत होत्या. बाय धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी. अख्ख्या अंजूर-काल्हेर पट्ट्यातल्या पोरींची लग्नं तिने लावलीत. वहिनींचा आवाज इतका मोकळा आहे हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षांत मी त्यांचा आवाज "साहेब झोपलेत" या दोन शब्दांपलीकडे ऐकलाच नव्हता!

* * *

आता गेटचा किस्सा. हा नीट लक्षात ठेवा.

आमचा वॉचमन यादव. एकदा त्याने सामंतांच्या साडूंना रजिस्टरमध्ये सही न घेता आत सोडलं. सामंत खवळले.

"क्यूँ छोड़ा?"

"साहब, चेहरा पहचानता हूँ ना."

"चेहरा म्हणजे ओळख नाही!" सामंत गरजले. आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्याचीच नोटीस झाली. मी मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत लिहिली, लॅमिनेट झाली, गेटवर लागली. नियम असा : राहणाऱ्या माणसाने गळ्यात सोसायटीचं कार्ड घालायचं. कार्ड नसेल तर तो पाहुणा. पाहुणा आला की यादव अ‍ॅपवर कळवणार, फ्लॅटच्या मालकाच्या फोनवर विचारणा जाणार. फोनवर तीन बटणं : 'आत सोडा', 'नको' आणि 'गेटवर ठेवा'. तिसरं कुरिअरच्या पार्सलसाठी. खाली सामंतांची खास सूचना : "हा नियम पदाधिकाऱ्यांसही लागू. चेहरा बघून आत सोडणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल."

पहिल्याच आठवड्यात बायचा भाऊ अंजूरहून रिक्षाने तांदळाचं पोतं घेऊन आला. बायच्या फ्लॅटचा फोन प्राचीकडे, आणि प्राची ठाण्याला ड्युटीवर. तिच्या फोनवर नाव आलं, 'म्हात्रे'. तिला वाटलं, ऑनलाइन मागवलेले चपलांचे बॉक्स घेऊन कुणी आलं असेल. कामाच्या गडबडीत तिने तिसरं बटण दाबलं.

मी शाळेतून आले तेव्हा म्हातारा पार्सलच्या रॅकशेजारी आपल्याच पोत्यावर बसून यादवचा चहा पीत होता.

"मामा, इथं का बसलात?"

"मना गेटवर ठेवलाय," मामा शांतपणे म्हणाले. "चा चांगला हाय पन."

* * *

सभेचंही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सर्वसाधारण सभेला वीस डोकी लागतात. तेवढी कधीच वेळेवर येत नाहीत. मग नोटिशीतच छापलेलं असतं : गणसंख्या न भरल्यास सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होईल, नंतर त्याच जागी भरेल, आणि मग जितके हजर तितके पुरे. सगळ्या सोसायट्यांत असंच चालतं.

सामंतांनी या अर्ध्या तासाचं शस्त्र केलं होतं. रविवारी सकाळी दहाला सभा ठेवायची. पावणेदहाला त्यांची चार खात्रीची माणसं येऊन बसणार. बाकीचे सव्वादहाला डोकावणार, 'अजून सुरू नाही' म्हणून नाश्त्याला परत जाणार आणि पावणेअकराला येऊन बघतात तर ठराव मंजूर, आभारप्रदर्शन चालू! लिफ्टमधून सायकल न्यायची बंदी अशीच आली. बाल्कनीत कपडे वाळत घालायची बंदी अशीच आली.

"अहो, थोडं थांबायचं ना!" लोक म्हणायचे.

"सभा कुणासाठी थांबत नाही," सामंत म्हणायचे. "उद्या मला उशीर झाला तर माझ्यासाठीही थांबू नका." हेही मी इतिवृत्तात लिहून ठेवलेलं आहे.

* * *

प्राचीचं लग्न ठरलं. बायच्या मुलाने टेरेससाठी रीतसर अर्ज दिला. हळदीचा एक दिवस, रात्री दहाच्या आत सगळं आवरतो, डीजे नाही, फक्त धवले.

सामंतांनी मला बोलावलं आणि नोटीस सांगितली. "टेरेसवर हळद, लग्न, बारसे अथवा तत्सम समारंभ करता येणार नाही. सदर अर्ज विशेष सभेपुढे ठेवण्यात येत आहे."

"साहेब, त्यांची जमीन होती हो ही," मी म्हटलं.

"होती. आता सोसायटीची आहे. आज हळद, उद्या कुणी म्हणेल घोडा वर न्यायचाय." आणि मला पेन दिलं.

मी लिहिलं. खरं सांगते, त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. 'मी नाही लिहिणार' एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. नेहमीसारखं रेखीव लिहिलं, खाली पट्टीने रेघसुद्धा मारली.

दुसऱ्या दिवशी बोर्डाजवळ बाय उभी होती. तिला वाचता येत नाही. मला बघून म्हणाली, "मास्तरीन, मना वाचून दाव गो. काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. बायने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"अक्षर कोनाचं हाय?"

"माझं."

"लय बेस हाय," बाय म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "बग, हितं खाली आमचं खलं व्हतं. माजी हलद सासूनं त्या खल्यावर लावली. माज्या दोन पोरींची मी लावली. त्येच्यावर ह्यांनी सात मालं चढवलं. मंग माजं खलं गेलं कुठं? वरतीच गेलं ना? मी दुसऱ्याची जागा कवा मागितली?"

मी मराठीची शिक्षिका. तिच्या बोलण्यात मला एक चूक काढता आली नाही. त्या रात्री घरी मी पहिल्यांदा ठरवलं की या सभेला आपलं मत द्यायचं, आणि मोठ्याने द्यायचं.

* * *

विशेष सभेचा रविवार.

सामंत नऊलाच बाहेर पडले. प्रत्येक सभासदाच्या हातात नियमावलीच्या पानाची झेरॉक्स हवी, असा त्यांचा आग्रह. ऑफिसच्या प्रिंटरची शाई संपलेली, काल्हेरचं दुकान रविवारचं बंद, म्हणून रिक्षा करून अंजूरफाट्याला गेले. निघताना वहिनींना सांगितलं, "मी येईपर्यंत तू जाऊन माझी खुर्ची धरून ठेव."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सामंतांचा फ्लॅट वहिनींच्या नावावर आहे. बाईच्या नावावर घेतलं की नोंदणीला सवलत मिळते, म्हणून साहेबांनीच तसा केला. साहेब सहयोगी सभासद. म्हणजे मत मूळचं वहिनींचं, त्या नसल्या तर साहेबांचं. आजवर त्या कधी आल्याच नव्हत्या, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दहा वाजले. अन्सारीभाई सोडून अकरा डोकी. अन्सारीभाईंनी नोटिशीप्रमाणे सभा तहकूब केली. सामंतांची चार माणसं दाराकडे बघत बसली. बाय पहिल्या रांगेत, नवीन लुगडं नेसून, हात मांडीवर. तिचा मुलगा मागे उभा. काही लोक डोकावले आणि नाश्त्याला गेले. मी जाऊन दोघांना जिन्यातून ओढून आणलं. शाळेत पळणारी पोरं धरायची सवय असते.

सव्वादहा. सामंत नाहीत. अंजूरफाट्याला कंटेनर आडवा झालाय, अशी बातमी कुणीतरी आणली.

साडेदहा. सामंतांचा एक माणूस म्हणाला, "साहेब येऊ देत. दहा मिनिटं थांबू."

मी इतिवृत्ताची वही उघडली, पान काढलं आणि उभी राहून वाचलं : "'उद्या मला उशीर झाला तर माझ्यासाठीही थांबू नका.' सेक्रेटरी श्री. सामंत."

"सभा चालू!" अन्सारीभाई म्हणाले. चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं असणार. "जो हाँ बोलते हैं, हात ऊपर!"

बायचा हात. माझा हात, पेनासकट. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे, त्यांतले एक सायकलवाले देसाई. जिन्यातून आणलेले दोघे. सहा.

"जो ना बोलते हैं!"

सामंतांचे चार, आणि कुलकर्णी काका, आणि सायकलवाल्या देसाईंवर राग असलेले तळमजल्यावरचे राणे. सहा.

सहा-सहा. अन्सारीभाई चेअरमन, ते मत देत नाहीत. एकच हात उरला होता. वहिनी साहेबांच्या खुर्चीत बसल्या होत्या, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. सगळे त्यांच्याकडे वळले. बाय मात्र वळून बघत नव्हती. ती समोर भिंतीकडे बघत होती आणि तिचा हात अजून वरच होता. कुणी खाली घ्यायला सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात वहिनींच्या मांडीवरचा फोन थरथरला. सभेत फोन सायलेंट, हा नियम. पण स्क्रीन उजळली. मी शेजारीच होते. वहिनींनी चष्मा सारखा करून बघितलं. पाच-सहा सेकंद बघतच राहिल्या. मग अंगठ्याने एकदा दाबलं, फोन उलटा करून मांडीवर ठेवला, आणि हात वर केला.

"मी हो म्हणते," त्या म्हणाल्या. टेरेसवर धवले म्हणतात ना, त्या आवाजात.

बायचा हात तेव्हा खाली आला. तिने पदर तोंडाला लावला. मी ठराव लिहायला घेतला तर एक शब्द खोडावा लागला. चार वर्षांत पहिल्यांदाच. तसंच राहू दिलं.

इतिवृत्तावर सह्या वगैरे होईपर्यंत अकरा वाजले. आम्ही बाहेर आलो.

गेटवर पार्सलच्या रॅकशेजारी यादवच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर सामंतसाहेब बसले होते. मांडीवर झेरॉक्सचा गठ्ठा, हातात चहाचा ग्लास, गळ्यात कार्ड नाही. कार्ड घरी फ्रिजवर राहिलं होतं. यादव त्यांच्यासमोर घामाघूम उभा, पाठीमागे माझ्या अक्षरातली लॅमिनेट केलेली नोटीस.

"मॅडम, मैं क्या करूँ?" यादव काकुळतीने म्हणाला. "साहब का ही नियम है. फ्लॅट में भेजा, जवाब भी आया." आणि त्याने फोन माझ्यापुढे धरला.

पाहुणा : सामंत. खाली ठळक अक्षरांत : 'गेटवर ठेवा.'

सामंतांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. मागून वहिनी येत होत्या, एका हातात बायचा हात आणि दुसऱ्या हाताच्या बोटात टेरेसची चावी.

वहिनी थांबल्या. साहेबांकडे नीट बघून घेतलं, आणि यादवला म्हणाल्या, "अजून थोडा वेळ राहू द्या. आम्ही जरा टेरेस बघून येतो."